पांढरमाळची सरासरी

"मॅडम, हात लावू नका हं. त्याचं चाललंय."

मी माऊसकडे नेलेला हात मागे घेतला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी खालून वर पळत होत्या, आणि निनाद वर्तक त्यांच्याकडे असा बघत होता, की जणू घरात बाळंतपण चाललंय आणि याला दाराबाहेर बसवून ठेवलंय.

"कधीपर्यंत चालणार?" मी विचारलं.

"ते इंटरनेटच्या मर्जीवर."

आमच्या दूध संघात कॉम्प्युटरची खोली म्हणजे जुनी तुपाची कोठी. भिंतींना रंग किती वेळा दिला तरी खवट वास काही गेला नाही. मी संघाच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. गावोगावच्या दूध सोसायट्यांकडून नमुन्याच्या बाटल्या यायच्या, त्यांचं फॅट काढून तक्त्यात भरायचं हे माझं काम. मुल्ला मॅडम म्हटलं की सगळ्या तालुक्याला कळायचं. वर्तक नवा होता. वसईकडचा, बोलायला गोड, आणि स्वतःच्या कामाचा अभिमान नाकाच्या शेंड्यावर घेऊन फिरणारा.

झालं होतं असं, की संघातल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर चोरीची विंडोज होती. कुणीतरी चेअरमनांच्या कानावर घातलं की पकडलं तर पेपरात नाव येईल. चेअरमनांच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हा वर्तक म्हणाला, लिनक्स घालतो, कुणाच्या बापाची भीती नाही. वर म्हणाला, आकडेमोडीसाठी 'आर' नावाचं सॉफ्टवेअर आहे, जगातले मोठमोठे संशोधक वापरतात, तेही मोफत. चेअरमनांचा मोफत या शब्दावर विश्वास बसेना.

"फुकटचं आहे म्हणता," ते म्हणाले होते, "मग उद्याच्या मीटिंगला संचालकांसमोर चालवून दाखवा. चाललं तर तुम्हाला कायम करून टाकतो. नाही चाललं तर तुमचं आमचं जमायचं नाही."

वर्तकच्या घरी लग्नाचं बघत होते. मुलीकडच्यांनी एकच विचारलं होतं, नोकरी पक्की आहे का. हे त्यानंच मला प्रयोगशाळेत चहा पिताना सांगितलं होतं. म्हणून मी तक्त्यांची फाईल द्यायला आले ती त्याच्याजवळ थांबले.

पळणाऱ्या ओळी एकदम थांबल्या. वर्तकनं डोक्याला हात लावला.

"काय झालं?"

"याला आणखी एक पॅकेज पाहिजे म्हणतोय. त्याच्याशिवाय बसणार नाही."

"मग द्या की ते."

"ते दिलं की ते म्हणणार मला आणखी दोन पाहिजेत."

"म्हणजे एका पाहुण्याला जेवायला बोलवावं आणि त्यानं सगळी भावकी घेऊन यावं, तसंच हे!"

तो हसला. पुन्हा काहीतरी टाइप केलं, कुठला तरी पत्ता चुकला होता तो दुरुस्त केला, पासवर्ड घातला. ओळी पुन्हा पळायला लागल्या. मध्येच लाईट गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत आम्ही दोघं अंधारात समोरासमोर बसून राहिलो. पण अखेर बसलं एकदाचं. 'आर' उघडलं तेव्हा मला वाटलं होतं काहीतरी रंगीबेरंगी दिसेल. दिसली नुसती कोरी खिडकी आणि तिच्यात लुकलुकणारी एक रेघ.

"एवढंच?" मी म्हटलं.

"आता बघा जादू." त्यानं माझे तक्ते आत घेतले. कुठल्या सोसायटीच्या दुधाला सरासरी किती फॅट, एवढाच प्रश्न विचारला. उत्तर आलं: एनए. खाली पुन्हा एनए. सगळ्या गावांपुढे एनए.

"हे काय?"

"माहिती नाही, असं म्हणतोय. तुमच्या तक्त्यात कुठं कुठं घरं रिकामी आहेत. एक जरी घर रिकामं असलं तरी हा बाबा सरासरी द्यायला तयार नाही."

"रिकामी असणारच. एखाद्या दिवशी बाटली येत नाही, फुटते, टँकर बंद पडतो."

"हो, ते बरोबर आहे. पण याला काय सांगू?" त्यानं घड्याळाकडे बघितलं. "करतो काहीतरी. जा तुम्ही, बाटल्या आल्या असतील."

बाटल्या आल्याच होत्या. मी गेले.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये भिंतीवर उभ्या पट्ट्यांचं चित्र उमटलं तेव्हा संचालक मंडळी खुर्च्या पुढे ओढून बसली. प्रत्येक गावाची एक पट्टी. सगळ्या जवळपास सारख्या उंचीच्या, आणि अगदी टोकाला एकच आखूड. वर्तकनं तिला लाल रंग दिला होता.

"हे कुठलं गाव?" चेअरमनांनी विचारलं.

"पांढरमाळ."

"एवढं कमी फॅट? म्हशीच्या दुधाला?" चेअरमन सगळ्यांकडे बघत म्हणाले. "म्हणजे पाणी घालतायत लेकाचे. आणि इतकी वर्षं कुणाच्या लक्षात नाही आलं!" मग त्यांनी वर्तकच्या पाठीवर थाप मारली. "फुकटचं असून कामाचं निघालं की हो!"

वर्तकची छाती फुगली ती आठवडाभर खाली बसली नाही. कायम झाल्याचा कागद मिळाला. त्यानं पेढे वाटले. मीही खाल्ला.

पांढरमाळला पत्र गेलं: तुमच्या दुधात भेसळ आढळते, सुधारणा झाली नाही तर संकलन बंद करण्यात येईल.

पत्र पोचलं तसा तिथल्या सोसायटीचा सचिव संघात आला. यशवंत बंडगर. गावात त्याला येसबा म्हणत. धनगराचा माणूस, उंचापुरा, डोक्याला पटका, आणि आवाज मात्र इतका हळू की दोनदा विचारावं लागे. मी काही कामासाठी कॉम्प्युटरच्या खोलीतच होते.

"सायेब," तो वर्तकला म्हणाला, "ह्या आमच्या रोजच्या चिठ्ठ्या. रोज फॅट चांगलं लागतंय. मग पत्रात असं कसं?"

वर्तकनं त्याला खुर्ची दिली, अगदी मायेनं समजावलं. "बंडगर, रोजचा आकडा वेगळा आणि सरासरी वेगळी. एकेका दिवसावरून काही कळत नाही. कॉम्प्युटर सगळे दिवस एकत्र बघतो ना, त्याला ते दिसतं."

"आमाला न दिसलेलं?"

"तुम्हाला काय, ह्या मॅडमनासुद्धा दिसलं नव्हतं."

येसबानं माझ्याकडे बघितलं. पांढरमाळचं दूध वाईट असल्याचं मला कधी जाणवलं नव्हतं. पण दिवसभर बाटल्यांच्या ढिगात बसणाऱ्या बाईनं कॉम्प्युटरपुढे 'मला जाणवलं नव्हतं' असं काय म्हणायचं? मी मान हलवली. कशाला हलवली ते मलाही कळलं नाही; पण येसबाला ती होकारार्थी दिसली.

"मग असंल," तो म्हणाला. "मशीन कशाला खोटं बोलंल? तिला काय आमचं वाकडं करायचंय? बघतो सायेब. गावात कोण हाय त्ये हुडकून काढतो."

काही दिवसांनी पांढरमाळहून उलट टपाल आलं. दोषी घर सापडलं, त्या घरचं दूध बंद केलं, तरी गावाचं संकलन चालू ठेवावं ही विनंती. चेअरमन खूश झाले. संघाच्या वार्तापत्रात छापायला त्यांना ही गोष्ट हवी होती. "वर्तक, तुम्ही नि मुल्ला मॅडम पांढरमाळला जाऊन या. चार फोटो काढा, त्या सचिवाचा सत्कार करून टाका."

रविवारी सवड होती म्हणून रविवारी गेलो. वर्तकनं शाल आणि नारळ पिशवीत घेतला होता. माळावरच्या कच्च्या रस्त्यानं जीप हादरत होती आणि तो शीळ घालत होता.

डेअरीला कुलूप. म्हणून येसबाच्या घरी गेलो. तो अंगणात घोंगडी झाडत होता. आम्हाला बघून गडबडला, बाज टाकली, बायकोला हाक मारली. मागच्या गोठ्यात म्हशी रवंथ करत होत्या. थोड्या वेळानं चहा आला. कपात बघितलं तर कोरा.

मला चेष्टा करायची खोड. "काय हो येसबा, दूध संघाची माणसं घरी आली आणि कोरा चहा? आमच्यावर राग दिसतोय."

"राग कशाचा मॅडम!" तो हात जोडून म्हणाला. "आज रविवार. बिरोबाचा वार. आज दूध इकायचं न्हाई आन च्यात घालायचं न्हाई. देवाला दावायचं, मग रेडकांचं आन पोरांचं. पयल्यापास्नं हाय आमच्यात."

"म्हणून डेअरी बंद."

"रविवारी बंदच की."

वर्तकचा कप तोंडापर्यंत गेला होता, तो तिथंच थांबला.

"दर रविवारी?" त्यानं विचारलं.

"दर रविवारी."

त्यानं कप खाली ठेवला. माझ्याकडे वळला. माणसाचा चेहरा उतरतो म्हणजे काय ते मी त्या दिवशी बघितलं.

"मॅडम, रविवारी तुमच्या तक्त्यात पांढरमाळपुढे काय असतं?"

"काय असणार? रविवारी तिथली बाटली येतच नाही. आम्ही ते घर रिकामं सोडतो."

"मी तिथं शून्य भरलं."

मला पटकन कळलं नाही. तो हळू आवाजात, ओठ चाटत बोलायला लागला. "एनए काही जाईना. दुसऱ्या दिवशी मीटिंग. मग सगळ्या रिकाम्या घरांत शून्य भरून टाकलं. चाललं. मला वाटलं, कुठं तरी एखादं घर, काय फरक पडतोय. मॅडम, म्हणजे दर रविवारी यांच्या दुधात फॅट शून्य, असं धरून सरासरी काढली त्यानं. जे दूध आलंच नाही, त्याचं शून्य."

त्या तक्त्यातलं रिकामं घर कशाचं, हे मला ठाऊक होतं. त्या घरात काय भरलं, हे याला. आणि आम्ही दोघं एका खोलीत बसून चहा पीत होतो.

"वर्तक, उठा," मी म्हटलं. "आधी ऑफिसात बोलू. चेअरमनांना सांगू. मग रीतसर—"

पण तो ऐकायच्या पलीकडे गेला होता. बाजेवरून उठून तो येसबासमोर जमिनीवरच बसला.

"बंडगर, चूक माझी झाली. तुमच्या दुधात काही खोट नव्हती. कॉम्प्युटरनं नाही, मी चुकीचं भरलं."

येसबानं विचारलं, "म्हंजे पाणी न्हवतं?"

"नव्हतं."

"कुणाच्याच दुधात?"

"कुणाच्याच नाही."

मला वाटलं होतं आता हा शिव्या घालेल. घालायलाच हव्या होत्या. नाहीतर निदान सुटल्यासारखा श्वास टाकेल. त्यानं यातलं काही केलं नाही. पटका काढून मांडीवर ठेवला आणि दारात उभ्या असलेल्या बायकोकडे बघितलं. ती तोंडाला पदर लावून आत गेली.

"सायेब," तो म्हणाला, "ह्ये तुमी मला सांगाया नको हुतं."

मग त्यानंच सांगितलं. पत्र आल्यावर त्यानं गाव बिरोबाच्या देवळात गोळा केलं. डेअरीला दूध घालणाऱ्या प्रत्येक घरानं देवापुढचा हळदीचा भंडारा मुठीत उचलायचा आणि म्हणायचं, माझ्या दुधात पाण्याचा थेंब न्हाई. भंडारा उचलून खोटं बोलायची छाती आमच्यात कुणाची न्हाई, तो म्हणाला. सगळ्यांनी उचलला. त्यानं स्वतः सगळ्यांत आधी उचलला. एका बाईनं नाही उचलला. इंदू कोळेकर. नवरा मेंढरं घेऊन कोकणाकडं गेलेला, घरात ही आणि एक पोरगी, दावणीला एक म्हैस.

"म्हणली, माजं मन न्हाई धजत. आता न्हाई धजत म्हंजे काय, सायेब? पोरासोरालाबी कळंल. म्याच पयला वराडलो तिच्यावर. दूध बंद केलं तिचं. सगळ्या गावानं बोलणं टाकलं. म्हस पोसायची कशावर? बाजारात दिली तिनं. मिळंल त्या भावात."

वर्तक मान खाली घालून बसला होता. "मला तिच्याकडे घेऊन चला."

"काय सांगणार?"

"हेच. जे तुम्हाला सांगितलं."

"तुमी सांगाल आन जाल वो," येसबा म्हणाला. "मला हितंच ऱ्हायचंय."

पण तो उठला. पटका बांधायचं त्याला भान राहिलं नाही.

इंदूचं घर गावाच्या कडेला. ती शेणी थापत होती. आम्हाला बघून हात धुतले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. येसबाला बघून तिची नजर जमिनीवर गेली. ज्यानं चारचौघांत आपल्याला चोर ठरवलं तो दारात आलाय आणि हीच मान खाली घालते, हे मला बघवेना.

वर्तकनं सांगितलं. सरासरी, शून्य, रिकामं घर, सगळं सांगायला लागला. मग त्यालाच कळलं की याचा काही उपयोग नाही. "बाई, तुमच्या दुधात पाणी नव्हतं. चूक माझी. तुमचं नुकसान मी भरून देतो. म्हैस आणून देतो."

मीच न राहवून विचारलं, "इंदू, पाणी घातलं नव्हतंस तर भंडारा का नाही उचललास गं?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मी काहीतरी भलतंच विचारलंय.

"किटली धुते की वो मी मॅडम. रोज धुते, पालथी घालते. पर कवा घाई असती, पोरगी रडत असती. निथळत न्हाई सगळी. आत चार थेंब ऱ्हात असतील. देवापुढं थेंब न्हाई कसं म्हणायचं?"

येसबाच्या तोंडून कसलासा आवाज निघाला.

"किटल्या आमीबी धुतो," तो म्हणाला. "सगळेच धुतात. म्या उचलला की भंडारा, इंदे. मला किटली आठवलीबी न्हाई."

"मला आठवली," ती म्हणाली. यात तिचा तोरा नव्हता. मग तिनं वर्तकला विचारलं, "सायेब, माज्या त्या थेंबांनी गावाची सरासरी गेली न्हाई, असंच ना? मला वाटायचं माज्यापायी झालं. झोपताना किटलीच दिसायची."

"नाही गेली," वर्तक म्हणाला. "तुमच्यापायी काहीच नाही झालं."

पुढचं सांगून टाकते. सोमवारी वर्तकनं चेअरमनांपुढं सगळं कबूल केलं. पांढरमाळला संघाचं माफीचं पत्र गेलं, पण मोघम. वार्तापत्रात काही छापलं नाही. वर्तकला कुणी काढलं नाही. तोच महिनाभरात सोडून गेला. त्यानं इंदूला म्हैस दिली, चांगली दुभती. ती दावणीला राहिली, पण इंदूनं पुन्हा डेअरीला दूध घातलं नाही. मी निवृत्त होईपर्यंत रोज तक्ते भरले आणि प्रत्येक रिकाम्या घरापुढे, ते का रिकामं, ते हातानं लिहीत गेले. एवढं केल्यानं माझी ती हललेली मान परत येत नाही, हे मला कळतं.

पण त्या रविवारी, आम्ही निघायच्या आधी, येसबा इंदूला म्हणाला, "चल देवळात. माज्यासमोर उचल भंडारा. मी सांगतो गावाला, इंदूनं उचलला म्हणून. आजच्या आज सांगतो."

ती तयार झाली. त्या दिवसात पहिल्यांदा मी तिच्या तोंडावर जरासं हसू बघितलं. पोरीला कडेवर घेऊन ती झपझप पुढे चालत होती आणि आम्ही तिघं मागून. मी पदर डोक्यावर घेऊन पायरीशी थांबले. वर्तक माझ्याही मागे, उन्हात. आत देवापुढं पिवळ्या भंडाऱ्याचं ताट होतं. येसबानं बाजूला होऊन तिला वाट करून दिली.

इंदूनं पोरीला खाली ठेवलं. नमस्कार केला. मूठभर भंडारा उचलला आणि डोळे मिटले. ओठ हलले. आम्ही वाट बघत राहिलो.

मग तिनं डोळे उघडले, मूठ हळूच ताटावर नेली आणि भंडारा परत सोडून दिला.

"न्हाई आण्णा," ती येसबाला म्हणाली. "थेंब तर ऱ्हातच असतील."